आधुनिक भाषा आणि विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा

विद्यापीठांचा इतिहास लिहिताना त्यांच्या सनदा, त्यांच्या इमारती आणि त्यांतून बाहेर पडलेले नामवंत यांची दखल घेण्याचा प्रघात आहे. प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नपत्रिकेकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. वर्ष उलटले की ती रद्दीत जाते, आणि ज्यांनी ती सोडविली त्यांनाही तिची आठवण काढण्याची फारशी हौस नसते. तथापि भाषाविषयांच्या बाबतीत या उपेक्षित कागदाचे महत्त्व फार मोठे आहे. भाषा म्हणजे काय, ती आली असे केव्हा म्हणावे, आणि तिचा अभ्यास करण्यास पात्र कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे विद्यापीठ आपल्या व्याख्यानांतूनही देत असते. परंतु त्या उत्तरांत सावधपणा असतो. प्रश्नपत्रिकेतून दिलेली उत्तरे अधिक खरी असतात, कारण त्यांच्यावर कोणाचा तरी प्रवेश अवलंबून असतो. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन जुन्या विद्यापीठांत फ्रेंच, जर्मन, इटालियन आदी आधुनिक भाषांना जी जागा मिळाली, तिचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. भारतीय विद्यापीठांनी आपल्या परीक्षांचा साचा इंग्लंडमधूनच आणलेला असल्यामुळे हा इतिहास भारतीय वाचकाला सर्वस्वी परका वाटू नये.

या इतिहासाचा आरंभ एका फसलेल्या प्रयत्नाने होतो. १७२४ साली इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज याने दोन्ही विद्यापीठांत आधुनिक इतिहासाची अध्यासने स्थापन केली आणि त्यांना जोडूनच आधुनिक भाषांच्या शिक्षणाची तरतूद केली. हेतू विद्येचा नव्हता, राज्यकारभाराचा होता: वकिलातींत पाठविण्याजोगे, फ्रेंचसारख्या भाषा जाणणारे तरुण राज्याला हवे होते. अध्यासने टिकली, भाषांची तरतूद मात्र हळूहळू सुकून गेली. पदवीच्या परीक्षेत या भाषांना स्थान नव्हते, आणि ज्याची परीक्षा नाही त्याचा अभ्यास नाही, हा नियम तेव्हाही आजच्याइतकाच बलवत्तर होता. ऑक्सफर्डमध्ये १८४५ साली आधुनिक भाषांसाठी टेलर संस्थेची भव्य वास्तू उभी राहिली, तरी परिस्थिती बदलली नाही. ऋग्वेदाचे संपादक म्हणून भारताला परिचित असलेले माक्स म्युलर हे १८५४ ते १८६८ या काळात तेथे आधुनिक युरोपीय भाषांचे प्राध्यापक होते. विद्वत्ता युरोपभर गाजत होती, संस्थेला इमारत होती, ग्रंथ होते. परंतु त्या विषयाची सन्मानपदवी ऑक्सफर्डमध्ये नव्हती. म्हणजे ज्या विद्यापीठात भाषाशास्त्राचा एवढा मोठा पंडित वावरत होता, तेथे जर्मन भाषेत प्रावीण्य मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला त्या प्रावीण्याबद्दल पदवी मिळू शकत नव्हती.

विद्यापीठाचा उंबरठा त्या काळी दोन भाषांच्या ताब्यात होता. ऑक्सफर्डची 'रिस्पॉन्शन्स' ही प्रारंभिक परीक्षा असो की १८२४ पासून घेतली जाणारी केंब्रिजची 'प्रीव्हियस' परीक्षा असो, लॅटिन आणि ग्रीक यांच्यावाचून कोणालाही पुढे सरकता येत नसे. या भाषांच्या परीक्षेची एक पद्धत ठरून गेलेली होती. तिचे दोन स्तंभ होते. न वाचलेला लॅटिन उतारा समोर ठेवून त्याचे इंग्रजीत भाषांतर करावयाचे, हा पहिला. त्याला 'अनसीन' म्हणत. इंग्रजी गद्याचा उतारा देऊन तो लॅटिनमध्ये, शक्यतो सिसेरोच्या वळणाने, उतरवावयाचा, हा दुसरा. त्याला नुसते 'प्रोज' म्हणत. परीक्षकाच्या दृष्टीने ही पद्धत आदर्श होती. तिच्यात चुका मोजता येत. शुद्धाशुद्धतेचा निर्णय ग्रंथांच्या आधारे देता येई. आणि मुख्य म्हणजे ती भाषा मातृभाषा म्हणून बोलणारा कोणीही जिवंत नसल्यामुळे परीक्षकाचे म्हणणे खोडून काढण्यास कोणी उभे राहत नसे.

जिवंत भाषेची या तराजूत काय किंमत होती हे पाहावयाचे असेल, तर विद्यापीठांच्या भिंतींबाहेर घडलेल्या एका घटनेकडे वळावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी नोकरीसाठी उमेदवार स्पर्धापरीक्षेने निवडावेत, असा निर्णय झाल्यावर मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील समितीने १८५४ साली आपला अहवाल दिला. ऑक्सफर्डचे बेंजामिन जाउएट हे त्या समितीचे सदस्य होते. अहवालाने सुचविलेल्या ६८७५ गुणांची वाटणी उद्बोधक आहे. ग्रीकला ७५० आणि लॅटिनला ७५०. फ्रेंच, जर्मन आणि इटालियन यांना प्रत्येकी ३७५. संस्कृत आणि अरबी यांनाही प्रत्येकी ३७५. एका मृत युरोपीय भाषेचे वजन जिवंत युरोपीय भाषेच्या बरोबर दुप्पट धरलेले आहे. भारतावर राज्य करण्यास निघालेल्या माणसासाठी मराठी, बंगाली, तमिळ यांना या प्रवेशपरीक्षेत एकही गुण नव्हता. त्या भाषा निवड झाल्यानंतर शिकावयाच्या होत्या. समितीच्या मनात दुष्टावा होता असे मानण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील चांगल्या शिक्षणाचे जे रूप होते त्याचीच मोजदाद तिने केली. पण मोजमापाचे हे अंक एकदा छापले गेले की ते केवळ मोजमाप राहत नाहीत; शाळा त्यांच्याकडे पाहून आपले वेळापत्रक आखू लागतात.

या तराजूची एक प्रत मुंबईसही आली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात प्रारंभी देशी भाषांना परीक्षांत जागा होती. १८६०च्या दशकात ती वरच्या परीक्षांतून काढून घेण्यात आली आणि तिच्या ठिकाणी संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषा आल्या. या काळात विद्यापीठाच्या धोरणावर ज्यांचा मोठा प्रभाव होता ते सर अलेक्झांडर ग्रँट हे ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक होते. ज्या भाषेला अभिजात वाङ्मय नाही तिची उच्च परीक्षा घेता येत नाही, ही त्या वर्तुळातील समजूत होती, आणि ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भाषेलाही ती लावली गेली. मराठीची विद्यापीठात पुन्हा स्थापना व्हावी म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. १९०१ साली, म्हणजे रानडे निवर्तले त्याच वर्षी, एम.ए.च्या परीक्षेत मराठीचा प्रवेश झाला. कलकत्त्यास आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांचे एम.ए.चे शिक्षण १९१९ साली सुरू झाले. मुंबई आणि कलकत्ता येथे मातृभाषांना ज्या शंकेला तोंड द्यावे लागले, तीच शंका त्याच काळात केंब्रिज आणि ऑक्सफर्ड येथे फ्रेंच-जर्मनसमोर उभी होती. शंका अशी, की जिवंत भाषा कोणालाही येते. मग तिची परीक्षा कशाची घ्यावयाची?

केंब्रिजने या शंकेला जे उत्तर दिले ते चतुर होते, पण महागात पडले. मध्ययुगीन आणि आधुनिक भाषांच्या 'ट्रायपॉस'ची, म्हणजे सन्मानपरीक्षेची, पहिली परीक्षा १८८६ साली झाली. तिच्या नावात 'मध्ययुगीन' हा शब्द आधी येतो, हा योगायोग नव्हे. मध्ययुगीन ग्रंथ आणि ऐतिहासिक व्याकरण यांचा भार अभ्यासक्रमावर इतका होता, की विषय अवघड नाही असे म्हणण्याची कोणाची छाती होऊ नये. अनसीन आणि प्रोज हे लॅटिनचे दोन्ही स्तंभ नव्या घराला जसेच्या तसे लावण्यात आले. ती भाषा अस्खलितपणे बोलता यावी, ही मात्र पदवीची अट नव्हती. आधुनिक भाषा विद्यापीठात आली, पण लॅटिनची वस्त्रे नेसून आली.

ऑक्सफर्डमध्ये हा वाद अधिक उघडपणे झाला. आधुनिक युरोपीय भाषा आणि त्यांचे वाङ्मय यांची स्वतंत्र सन्मानपदवी असावी, हा प्रस्ताव १८८७ साली तेथे पुढे आला आणि मंजुरीवाचून राहिला. आधुनिक इतिहासाचे प्राध्यापक एडवर्ड फ्रीमन यांनी त्याच्याविरुद्ध केलेले भाषण पुष्कळ गाजले. कवी शेलीविषयीच्या गप्पांना पदवी द्यावयाची काय, अशा आशयाची त्यांची कोटी लोकांच्या लक्षात राहिली. परंतु कोटीच्या मागचा मुद्दा अधिक गंभीर होता. अभिरुचीची परीक्षा घेता येत नाही. परीक्षा घेता येते ती वस्तुस्थितीच्या ज्ञानाची. म्हणून विद्यापीठात वाङ्मय येणार असेल तर त्याच्याबरोबर भाषेचा इतिहास आलाच पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा युक्तिवाद हास्यास्पद ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यात एक कटू सत्य आहे: विद्यापीठात जे शिकविले जाते त्याची सीमा पुष्कळदा ज्ञान ठरवीत नाही, परीक्षेची सोय ठरविते. ऑक्सफर्डने आधुनिक भाषांची सन्मानपदवी अखेर १९०३ साली स्थापन केली.

दरम्यान युरोपात भाषाशिक्षणाच्या मूळ कल्पनेलाच धक्का बसला होता. जर्मनीत विल्हेल्म फिएटर यांनी १८८२ साली एका पुस्तिकेतून भाषाशिक्षणाची दिशा उलटी फिरविण्याची हाक दिली. १८८६ साली पॅरिसमध्ये ध्वनिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना झाली. इंग्लंडमध्ये हेन्री स्वीट यांचा भाषांच्या व्यावहारिक अध्ययनावरील ग्रंथ १८९९ साली प्रसिद्ध झाला. भाषा प्रथम बोलली जाते व मग लिहिली जाते. सुट्या शब्दांऐवजी जोडलेल्या वाक्यांपासून तिचे शिक्षण सुरू व्हावे. शिक्षकाला उच्चारशास्त्र अवगत असावे, असा या सुधारकांचा आग्रह होता. पहिल्या महायुद्धाने या आग्रहाला सरकारी बळ दिले. शत्रूची आणि मित्राची भाषा जाणणारी माणसे आपल्याकडे किती थोडी आहेत, याची जाणीव झालेल्या ब्रिटिश सरकारने १९१६ साली स्टॅन्ली लीद्झ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या १९१८ सालच्या अहवालाने आधुनिक भाषांचा अभ्यास त्या त्या राष्ट्राच्या इतिहासाशी, विचाराशी आणि जीवनाशी जोडण्याची शिफारस केली. केंब्रिजनेही १९१७ साली आपल्या ट्रायपॉसची पुनर्रचना करून ऐतिहासिक व्याकरणाची सक्ती सैल केली. आता नावात 'आधुनिक' हा शब्द आधी आला.

येथवरचा इतिहास विषयाचा झाला. उमेदवाराचा इतिहास त्याहून वेगळा आहे. ग्रीकची सक्ती केंब्रिजमध्ये १९१९ साली आणि ऑक्सफर्डमध्ये १९२० साली संपली. लॅटिनची अट उठण्यास १९६० साल उजाडावे लागले. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ फ्रेंचचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मुलालाही प्रथम लॅटिनचा नाका ओलांडावा लागत होता. ज्या शाळेत लॅटिन नाही त्या शाळेतील मुलाची फ्रेंच कितीही चांगली असली तरी तिची परीक्षा होण्याची वेळच येत नसे. मुलींच्या शाळांत पूर्वीपासून ग्रीकपेक्षा फ्रेंच-जर्मनकडे अधिक ओढा होता. त्यामुळे केंब्रिजच्या स्त्री-महाविद्यालयांतील विद्यार्थिनी नव्या ट्रायपॉसकडे लक्षणीय संख्येने वळल्या. त्यांना परीक्षा देण्याची रीतसर मुभा १८८१ पासून होती, पूर्ण पदवी मात्र १९४८ साली मिळाली. प्रश्नपत्रिका सोडविता येणे आणि दार उघडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

विसाव्या शतकात निवडीचा भार महाविद्यालयांच्या स्वतःच्या प्रवेशपरीक्षांवर होता. त्यांतही लांबलचक उताऱ्यांची भाषांतरे आणि निबंध असत. शालान्त परीक्षेनंतर आणखी एक सत्र शाळेत राहून या परीक्षेची तयारी करण्याची चाल पडली होती. ही चाल ज्यांना परवडे ती प्रामुख्याने सधन शाळांची मुले असत. अशा परीक्षेत भाषेबरोबर शाळेचीही परीक्षा होते, हा आक्षेप वाढत गेला आणि १९९५ नंतर ऑक्सफर्डने आपली जुनी प्रवेशपरीक्षा बंद केली. तिच्या जागी पुढे ज्या छोट्या चाचण्या आल्या त्यांचे स्वरूप अगदी निराळे होते. आधुनिक भाषांच्या उमेदवारासाठी ऑक्सफर्डने प्रत्येक भाषेची अर्ध्या तासाची पत्रिका ठेवली: गाळलेल्या जागा भरणे, क्रियापदांची रूपे, काही भाषांत सुट्या वाक्यांचे भाषांतर. केंब्रिजने २०१६ पासून घेतलेल्या तासाभराच्या लेखी चाचणीत एक उतारा वाचून त्यावर परभाषेत व इंग्रजीत लिहावयाचे होते; भाषांतराचा प्रश्न तीत नव्हता.

या नव्या चाचण्यांतील सर्वांत विलक्षण पत्रिका ऑक्सफर्डची भाषिक कलचाचणी ही होय. जी भाषा शाळेत शिकलेलीच नाही ती विद्यापीठात आरंभापासून शिकू इच्छिणाऱ्या उमेदवारासाठी ती योजलेली होती. तीत जगात कोठेही न बोलली जाणारी, परीक्षकाने रचलेली भाषा दिलेली असे. काही वाक्ये आणि त्यांचे अर्थ पाहून उमेदवाराने तिचे व्याकरण हुडकावयाचे आणि नवी वाक्ये दोन्ही दिशांनी भाषांतरित करावयाची. न्यायाच्या दृष्टीने या कल्पनेत तथ्य आहे. ही भाषा कोणाच्याही घरी बोलली जात नाही, कोणत्याही महागड्या शाळेत शिकविली जात नाही, सुटीत तिच्या देशी जाऊन ती पक्की करून येता येत नाही. प्रत्येक उमेदवार तिच्यासमोर सारखाच अनभिज्ञ असतो. लॅटिनच्या नाक्यावर जो अन्याय झाला त्याचे हे जणू परिमार्जनच आहे.

परंतु या परिमार्जनात इतिहासाचे एक वर्तुळही पूर्ण होते. लॅटिन परीक्षकाला प्रिय होती, कारण ती बोलणारे कोणी जिवंत नव्हते. ही कल्पित भाषा बोलणारे तर कधीच कोणी जिवंत नव्हते. लॅटिनला निदान सिसेरो होता, व्हर्जिल होता, तिच्या वाक्यांमागे कोणाचे तरी दुःख आणि कोणाचा तरी क्रोध होता. कल्पित भाषेतील वाक्यामागे कोणीच नाही. नियम ओळखण्याची बुद्धी तीतून पारखता येते, आणि ती बुद्धी भाषेला आवश्यकच आहे. पण भाषेच्या अभ्यासकाला माणसाचे बोलणे ऐकू येते की नाही, हे तीतून कळण्याचा संभव नाही.

पत्रिका अशा आखूड का झाल्या, याचे कारण केवळ विद्यापीठांत नाही. इंग्लंडमधील शाळांत चौदाव्या वर्षानंतर परभाषा शिकण्याची सक्ती २००४ साली उठली. २००२ साली सोळाव्या वर्षाची शालेय परीक्षा देणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थी परभाषा घेत. २०११ पर्यंत ते प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आले. उमेदवारच कमी झाल्यावर उंबरठा उंच ठेवण्यात अर्थ नसतो. दीर्घ उताऱ्याचे भाषांतर मागितले तर जे थोडे येतात तेही बिचकतील, ही भीती निराधार नव्हे.

तरीही भाषांतराचा प्रश्न पत्रिकेतून नाहीसा होतो तेव्हा काय हरवते, हे पाहिले पाहिजे. 'तुम्ही येणार का?' एवढ्या अर्थाचे इंग्रजी वाक्य घ्यावे. इंग्रजीत तेथे एकच सर्वनाम आहे. फ्रेंचमध्ये 'त्यू' आणि 'व्हू' यांतून, जर्मनमध्ये 'दू' आणि 'झी' यांतून निवड केल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. मराठीत तर 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' असे तीन मार्ग फुटतात. शिवाय 'येणार का' म्हणावे की 'येशील ना' म्हणावे, हेही ठरवावे लागते. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, त्यांच्यात जवळीक आहे की दुरावा, की दुराव्याचे सोंग आहे, हे उताऱ्यातून उमगल्याशिवाय ही निवड करता येत नाही. गाळलेल्या जागेच्या प्रश्नात सर्वनाम आधीच छापलेले असते आणि उमेदवाराने क्रियापदाचे रूप तेवढे जुळवावयाचे असते. म्हणजे जो निर्णय हाच भाषेचा प्राण होय, तो परीक्षकाने घेऊन टाकलेला असतो. भाषांतर हा चुका पकडण्याचा सापळा आहे, या समजुतीने जुन्या विद्यापीठांनी ते दीड शतक टिकवून धरले. आणि त्याच समजुतीने नव्या सुधारकांनी ते टाकून दिले. दोघांनीही त्यातील निर्णयशक्तीकडे पाहिले नाही.

भारतात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवीप्रवेशासाठी २०२२ साली सुरू झालेल्या, सीयूईटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सामाईक परीक्षेत मराठीसह तेरा भाषांच्या पत्रिका ठेवण्यात आल्या. आकलन, वाङ्मयीन जाण आणि शब्दसंग्रह हे तिचे विषय, स्वरूप बहुपर्यायी. लाखो उमेदवारांना एकाच मापाने मोजावयाचे असेल तर याहून वेगळा मार्ग सोपा नाही, आणि निरनिराळ्या मंडळांच्या गुणांतील विषमतेवर तो एक उपायही आहे. रानडे यांच्या काळी जिला वरच्या परीक्षांत जागा नव्हती ती मराठी आज तमिळ, बंगाली, उर्दू यांच्या बरोबरीने उंबरठ्यावर उभी आहे, ही लहान गोष्ट नव्हे. पण या पत्रिकेत उमेदवाराला मराठीचे एकही वाक्य लिहावे लागत नाही. दिलेल्या चार उत्तरांतून एक निवडले की त्याचे काम संपते. बहुतेक भारतीय उमेदवार दोन-तीन भाषांत वाढलेले असतात. एका भाषेतील म्हणणे दुसरीत नेण्याची जी सवय त्यांना घरात, बाजारात आणि शाळेत लागते, ती केंब्रिजच्या उमेदवाराला पुष्कळ श्रमांनी मिळवावी लागते. या सवयीला पत्रिकेत एका छोट्या उताऱ्याएवढीही जागा नाही.

आधुनिक भाषांच्या प्रवेशपरीक्षेचा हा दीड-दोन शतकांचा इतिहास न्याय आणि सखोलता यांतील ओढाताणीचा इतिहास आहे. सखोलतेच्या नावाखाली पुष्कळांना बाहेर ठेवले गेले. न्यायाच्या नावाखाली पुष्कळ काही पत्रिकेबाहेर गेले. पहिली चूक दुरुस्त करण्यास इंग्लंडला शंभर वर्षे लागली, मुंबईला चाळीस. दुसरी चूक अजून ताजी आहे. ती दुरुस्त करण्यास लॅटिनच्या काळाकडे परत जावे लागणार नाही. पाच-सहा ओळींचा, साध्या बोलण्याचा एक उतारा आणि तो दुसऱ्या भाषेत लिहिण्यासाठी अर्धे पान कोरे, एवढे पुरेसे आहे. ते तपासण्यास यंत्र पुरणार नाही, वाचणारा माणूस लागेल. आणि विद्यापीठांची खरी अडचण बहुधा तेथेच आहे.